पाणी कोणाच्या हातचं?

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं, "मॅडम, टिळक ख्रिस्ती झाले, माहेरच्यांना धक्का बसला, सासरच्यांना बसला, हे कळलं. पण लक्ष्मीबाईंना मैत्रिणी नव्हत्या का? त्या काय म्हणाल्या?" तास संपत आला होता. त्या काळी बायकांच्या मैत्रीला वावच कुठे होता, असं काहीतरी उत्तर मी दिलं. तिनं मान डोलावली आणि वही मिटली. उत्तर चुकलं हे मला तेव्हाच जाणवलं होतं. ते कुठे चुकलं, हे कळायला मात्र चार-पाच जुनी पुस्तकं पुन्हा उघडावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या काही बायकांच्या आयुष्यात ख्रिस्ती धर्म आला. काहींनी तो घेतला, काहींच्या नवऱ्यानं घेतला, काहींच्या मैत्रिणीनं घेतला. या बायकांनी लिहून ठेवलं, आणि मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्या लेखनाला मानाचं स्थान आहे. पण आपण ही पुस्तकं वाचतो ती बहुतेक वेळा लग्नाची गोष्ट म्हणून, आणि लग्नाची म्हणून नाही तर धर्मांतराची म्हणून. पुस्तकांची नावंही आपल्याला त्याच दिशेनं ढकलतात. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आल्या. नावातच 'आमच्या' आहे, आणि आत न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. १९३८ मधल्या इंग्रजी रूपांतराचं नाव तर थेट 'हिमसेल्फ'. बाईच्या आत्मचरित्राला याहून विचित्र नाव सापडणं कठीण. 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' म्हणून गेलं, म्हणजे मागून चालत जाणारी. शांता गोखले यांच्या २०१७ मधल्या अनुवादाच्या उपशीर्षकात ही बाई तेजस्वी झाली आहे, पण आहे 'पत्नी'च.

नवरा आणि देव या दोन खांबांमध्ये या पुस्तकांत तिसरंही काही उभं आहे. त्याला आपल्याकडे विधी नाही. नवरा गेला तर काय करायचं हे शास्त्रात लिहिलेलं आहे, धर्म सोडला तर काय करायचं हेही लिहिलेलं आहे. मैत्रिणीसाठी मात्र सोयर नाही, सुतक नाही, वर्षश्राद्धही नाही. त्यामुळे या नात्याचा पुरावा समारंभात सापडत नाही. तो शोधायचा तर स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी शोधावा लागतो. या बायकांच्या जगात धर्म बदलला म्हणजे पहिल्यांदा बदलायचं ते पाणी. कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, यावर कोण आपलं आणि कोण परकं हे ठरायचं.

'स्मृतिचित्रे'ची सुरुवातच सोवळ्यानं होते, हे या दृष्टीनं पाहिलं की लक्षात येतं. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झालं आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय शुद्ध होत नाही, ही त्यांची धारणा. लक्ष्मीबाई हे सांगतात हसत हसत, पण त्या हसण्याखाली एक घाबरलेलं घर आहे. बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून पाणी ओतत राहणारा एक माणूस आहे. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळक कवी, रागीट, उदार, सांगून न जाणारे आणि न सांगता येणारे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी बायको जवळ नव्हती. मुलगा दत्तू लहान होता. पुढची जवळपास पाच वर्षं हे जोडपं दुरावलेलं राहिलं. इथे कायद्याची एक बाजू लक्षात घ्यायला हवी. १८६६ च्या कायद्यानं धर्मांतर केलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला एक वाट मोकळी करून दिली होती. धर्म बदलला म्हणून जोडीदार नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही, ते थांबले. टीकाकारांनी या थांबण्याचं पुष्कळ कौतुक केलं आहे आणि ते रास्तच आहे. पण ज्या निर्णयापायी थांबावं लागलं तो त्यांनी एकट्यानं घेतला होता, हेही तितकंच खरं. लक्ष्मीबाई दोन्ही गोष्टी सांगतात. एकीसाठी दुसरी लपवत नाहीत, यातच त्यांच्या लेखनाचा प्रामाणिकपणा आहे.

या पाच वर्षांत त्यांना कोणी सांभाळलं? नवऱ्यानं नाही. देवानंही नाही, निदान तेव्हा त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांना सांभाळलं थोरल्या बहिणीनं, भिकूताईंनी. त्यांच्या घराचा आसरा नसता तर या पुस्तकाचे पुढचे भाग लिहिलेच गेले नसते. नात्यानं ही बहीण. पण नवऱ्यानं धर्म सोडलेली बाई घरात ठेवून घेणं म्हणजे काय असतं, हे त्या काळच्या ब्राह्मण घरात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. लोक बोलणार, पंगतीत कुजबुज होणार, घरातल्या मुलींच्या लग्नाच्या गोष्टी अडणार. रक्ताचं नातं असलेल्या सगळ्यांनीच अशा वेळी दार उघडलं असतं असं नाही. दार उघडणारी बहीण ही बहीण असते आणि त्याशिवाय आणखीही कोणी असते. त्या आणखीला आपल्या भाषेत वेगळा शब्द नाही, म्हणून आपण 'बहीण' म्हणतो आणि पुढे जातो.

याच एकटेपणात लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या हातात शब्द आले ते नवरा गेल्यावर. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तेही सोवळं घेऊन. नगरला आणि राहुरीला ख्रिस्ती नवरा आणि ब्राह्मण बायको अशी दोन स्वयंपाकघरं एका संसारात नांदली. पुस्तकाचा हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. दोन माणसांना एकमेकांजवळ राहायचं आहे, पण एकाचा देव दुसऱ्यावर लादायचा नाही. मग काय करायचं? भांडी वेगळी ठेवायची आणि गप्पा एकत्र मारायच्या. यात विनोद आहे आणि लक्ष्मीबाई तो सोडत नाहीत. पण मला वाटतं, लग्नाला इथे प्रथमच मैत्रीचं रूप येतं. टिळक नवरा म्हणून हुकूम करू शकले असते. ते मित्रासारखे थांबले.

मग एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करतात की जात देवानं केली असती तर ती माणसाच्या अंगावर दिसली असती. ती माणसानं केली, म्हणून माणसानं मोडायला हरकत नाही. हा निष्कर्ष त्यांना प्रवचनातून मिळत नाही, नवऱ्याच्या आग्रहातूनही मिळत नाही. त्या ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. त्यांच्यापुरतं खरं धर्मांतर घागरीपाशी झालं. चर्चमध्ये झाली ती त्याची नोंद. वडिलांनी जी घागर जगाला दूर ठेवण्यासाठी ओतली, तीच मुलीनं जगाला जवळ करण्यासाठी उचलली.

आता पंडिता रमाबाईंकडे येऊ. त्यांच्या आयुष्यात लग्न आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा झगडा उलट बाजूनं झाला. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सिल्चरच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत रमाबाईंच्या हाती लागली आणि त्यांना त्यात गोडी वाटू लागली. नवऱ्याला ते रुचलं नाही. मिशनरी शाळेत शिकलेल्या त्या माणसाला बायकोनं ख्रिस्ती व्हावं हे मान्य नव्हतं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं त्यांचा मृत्यू झाला. एकोणीस महिन्यांचा संसार, मांडीवर मनोरमा, आणि बाकी कोणी नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई हे फार थोडक्यात सांगतात. त्यांचं गद्य लक्ष्मीबाईंसारखं रेंगाळत नाही. साक्ष देणाऱ्याला विनोद परवडत नाही आणि संसाराच्या तपशिलात रमणंही परवडत नाही. साहित्य म्हणून ही या पुस्तकाची मर्यादा आहे. त्यातली माणसं बहुधा देवाकडे जाण्याच्या वाटेवरचे दगड होऊन येतात.

त्या वाटेवर एक मैत्रीण गमावली गेली. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत होत्या. दोघी वाँटेजच्या सेंट मेरी मठात उतरल्या. आपल्याला इथे बळेच बाटवतील या भीतीनं आनंदीबाईंना ग्रासलं आणि त्यांनी विष घेऊन जीव दिला. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाईंची बाजू आपल्याला इतरांकडूनच कळते. परक्या देशात आलेल्या दोन बायका. एकीला जे तारण वाटत होतं तेच दुसरीला मरण वाटलं. श्रद्धा मैत्रीला बळ देते असं आपण सहज म्हणून जातो. आनंदीबाईंचं नाव घेतल्यानंतर ते इतक्या सहज म्हणता येत नाही.

रमाबाईंचं मन कशानं वळलं हे त्यांनी सांगितलं आहे. मठातल्या सिस्टर त्यांना लंडनमधल्या फुलम इथे घेऊन गेल्या. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथे काम चालत असे. हे सारं कशासाठी करता, असं रमाबाईंनी विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू दमून विहिरीपाशी बसला आहे. पाणी भरायला एक बाई येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी जिच्याशी व्यवहार करू नये अशी. तिचे पाच नवरे होऊन गेले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी मागता, याचं तिला आश्चर्य वाटतं. शिष्य परत येतात तेव्हा तो बाईशी बोलतो आहे याचं त्यांनाही आश्चर्य वाटतं.

ही गोष्ट इंग्रज सिस्टरनं वाचली, पण ऐकली ती एका मराठी ब्राह्मण विधवेनं. तिच्या कानाला त्यात काय ऐकू आलं असेल? पाश्चात्त्य वाचकाला ही पापक्षमेची गोष्ट वाटते. ज्या देशात विहिरीवरून जात ठरते, तिथल्या बाईला त्यात पहिल्यांदा दिसणार ते पाणी. कोणीतरी वरच्यानं खालच्या बाईच्या हातचं मागितलं. तिच्या नवऱ्यांचा हिशोब त्याला ठाऊक होता, तरीही मागितलं. रमाबाईंची ख्रिस्तभक्ती आणि लक्ष्मीबाईंची घागर या दोन गोष्टी माझ्या मनात इथे एकमेकींना भेटतात.

वाँटेजला रमाबाईंना सिस्टर जेराल्डिन भेटल्या. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते धर्म आणि मैत्री यांच्या ताणाचं याहून बोलकं पुस्तक आपल्याकडे नाही. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणतात. आजीबाई प्रेम करतात, मनोरमेची काळजी घेतात आणि सतत ओरडतात. तू गर्विष्ठ आहेस, तू ऐकत नाहीस, चर्चचा अधिकार मानत नाहीस. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, असं विचारतात. मुद्दा क्रुसाचा नाहीच. मी तुमचा देव मानला म्हणजे तुमचा देश मानला असं नाही, हे त्यांना सांगायचं आहे. जेराल्डिनना ते कळत नाही, पण त्या पत्रं फाडत नाहीत. जपून ठेवतात. ज्या पत्रांत आपण हरतो तीही जपून ठेवणं, याला प्रेमच म्हणावं लागेल.

याच रमाबाईंवर पुण्यात मैत्रीची दुसरी कसोटी आली. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हा रमाबाई रानडे त्यांची व्याख्यानं ऐकायला जात. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नसे. 'आठवणीं'मधली ती पानं वाचताना कळतं की न्यायमूर्तींच्या घरातही सुधारणा माजघरापर्यंत पोहोचलेली नव्हती. टोमणे आणि विटाळाचे प्रश्न सोसायचे ते तरुण सुनेनंच. एका बाईकडे जाऊन बसण्याची किंमत ती रोज घरात मोजत होती. पुस्तकात हे सांगितलं आहे नवऱ्याच्या शिकवणुकीची गोष्ट म्हणून. वाचणाऱ्यानं ते एका रमेनं दुसऱ्या रमेसाठी सोसलेलं म्हणूनही वाचावं.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि नंतर ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये वादळ उठलं. पंडिता आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि मुलींना वाटलं तर त्या आत येऊन बसत. मुली बाटवल्या जात आहेत, अशी 'केसरी'नं झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. त्या उघड्या दारावर तेव्हापासून आजवर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं आहे. पंडितांचा हेतू अगदीच निरागस होता असं मला वाटत नाही. आपला देव इतरांना मिळावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि आश्रित मुलीसमोर उघडं ठेवलेलं दार हे बरोबरीच्या मैत्रिणीसमोर उघडं ठेवलेल्या दारासारखं नसतं. पण दार लावून घेतलं असतं तर त्या कोणाच्या झाल्या असत्या?

या प्रश्नाचं उत्तर वादात नाही, ते बायांच्या पुस्तकात आहे. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. त्यांचं 'माझे पुराण' १९४४ साली आलं. नावात 'माझे' आहे हे लक्षात ठेवावं. बाया त्या उघड्या दाराच्या घरात वाढल्या आणि ख्रिस्ती झाल्या नाहीत. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वादळाच्याच वर्षी, त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या समाजानं कर्व्यांना वाळीत टाकलं. 'पुराणा'त पंडितांविषयी कृतज्ञता आहे, भाबडेपणा नाही. धर्म घेतला नाही आणि ऋणही नाकारलं नाही. मोठमोठ्या सुधारकांना जे साधलं नाही ते या फारसं न शिकलेल्या बाईला साधलं.

इथवर मी ज्यांच्याविषयी लिहिलं त्या सगळ्या लिहिणाऱ्या बायका आहेत आणि जवळजवळ सगळ्या ब्राह्मण. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. पाठोपाठ प्लेग आला, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ. त्या मुली एकमेकींच्या शेजारी झोपल्या, एका विहिरीचं पाणी प्याल्या, एकमेकींच्या केसांतल्या उवा काढल्या. त्यांच्यातल्या मैत्रीचं पुस्तक आपल्याकडे नाही. नगर भागातल्या महार, मांग ख्रिस्ती बायकांचंही नाही, आणि लक्ष्मीबाई ज्या मंडळीत सामील झाल्या ती प्रामुख्यानं त्यांचीच होती. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं हे आपण वाचतो. पाणी देणाऱ्या बाईला त्या वेळी काय वाटलं, ते आपण वाचू शकत नाही. शोमरोनी स्त्री निदान बोलली तरी होती.

तरी जे आहे ते थोडं नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेत रोझेलच्या कार्पेंटरबाईंकडे राहिल्या आणि त्यांना 'मावशी' म्हणाल्या. एक ख्रिस्ती, एक हिंदू. दोघींपैकी कोणी कोणाला बदललं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि त्या बाईंनी पकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या. त्यावर दगड बसवला. मैत्रिणीसाठी विधी नाही, असं मी वर म्हटलं. त्या बाईंनी तो स्वतः तयार केला.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर मी आता असं सांगेन: मैत्रिणी होत्या. फक्त त्यांना आपण ताई, आजीबाई, मावशी या नात्यांनी ओळखत आलो, म्हणून त्या आपल्याला दिसल्या नाहीत. नवरा परका झाला, देव बदलला, गावानं वाळीत टाकलं, तेव्हा कोणीतरी एका बाईनं दार उघडलं आणि तांब्या पुढे केला. पुढचं वाचताना तो तांब्या कोणाच्या हातात आहे एवढं बघत जा.